बत्तीस तासांचे आठ

मी बेरजेचा चौकोन बोलतोय. कम्प्युटरच्या शीटमध्ये आडव्या-उभ्या रेघा असतात ना, त्यातल्या सगळ्यात खालच्या ओळीतला. वरच्यांनी काय ते भरायचं आणि मी खाली एक आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. पण माणसं येतात ती थेट माझ्याकडे. वरच्या ओळींकडे कोणी ढुंकून बघत नाही. सगळी भानगड तिथेच होते.

शिक्षण विचाराल तर काही नाही. मला एकच ठाऊक आहे, अख्खा दिवस म्हणजे एक. बारा तास म्हणजे अर्धा, सहा तास म्हणजे पाव. तुम्हाला मी घड्याळासारखा दिसतो, तो नुसता वरचा अंगरखा. आत पाव, अर्धा, पाऊण यांचाच कारभार. एवढ्यावर भागतं का म्हणाल, तर भागतं. अडतं ते विचारणाऱ्याला विचारता येत नाही म्हणून.

माझा जन्म धुळ्याचा. हायवेच्या कडेला एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. पत्र्याचं छप्पर, एक कूलर, तोही आवाजच जास्त करणारा. तिथे असोद्याचा ललित कारकून होता. मालट्रक कधी निघाला आणि कधी पोचेल, हे फोनवर सांगून सांगून त्याचा घसा बसायचा. म्हणून त्याने शीट बनवली. एका रकान्यात निघाल्याची वेळ, दुसऱ्यात लागणारे तास, आणि दोन्हींची बेरीज माझ्यात.

गाडी रात्री दहाला निघाली. नागपूरला बारा तास. घड्याळात रात्रीचे दहा म्हणजे बावीस. बावीस आणि बारा, चौतीस. आता चौतीस वाजता गाडी पोचेल असं सांगितलं असतं तर नागपूरच्या व्यापाऱ्याने फोनमधूनच हात घालून ललितची गचांडी धरली असती. म्हणून ललितने मला घड्याळाचा अंगरखा घातला. चोवीस भरले की ते टाकून द्यायचे आणि उरेल तेवढं सांगायचं. मी सांगायचो, दहा. सकाळचे दहा. गाडी पोचायचीसुद्धा दहालाच, वाटेत ड्रायव्हर झोपला नाही तर.

हे टाकून देणं लक्षात ठेवा. धुळ्यात याच कामाबद्दल माझं कौतुक होतं.

माझ्या शेजारच्या चौकोनाला वजाबाकी दिलेली. त्याची वेगळीच तऱ्हा. गाडी रात्री दहाला निघाली, पहाटे चारला आली, तर किती तास लागले? चारातून बावीस कसे जाणार? तो बिचारा अंगभर फुल्या काढून बसायचा, काटेरी कुंपणासारख्या. ललितने डोकं खाजवलं आणि पहाटेच्या वेळेत एक मिळवला. एक म्हणजे अख्खा दिवस. मग सहा तास नीट आले. रात्र ओलांडायची तर दिवस हातचा घ्यावा लागतो, हे त्याला फुकट समजलं नाही. त्याआधी तीन ड्रायव्हरांशी त्याचं वाजलं होतं.

गेटवर अभिमन नावाचा माणूस बसायचा. साक्रीकडचा, पन्नाशीचा, बोलायचा पक्की अहिराणी. ललित रजेवर गेला की शीट तोच भरायचा. त्याने आपल्या सगळ्यांसारखं साडेआठ लिहिलं, मध्ये टिंब देऊन, ८.३०. आता टिंब दिलं की आम्हाला ती वेळ वाटत नाही, आठ दिवस आणि वर दिवसाचे दहांतले तीन हिस्से असं वाटतं. आठ दिवस टाकून दिले, उरलं ते दाखवलं. उरले सात वाजून बारा मिनिटं. त्याने साडेपाच लिहिलं, ५.३०. तरी ७:१२. साडेनऊ लिहिलं, तरी तेच. अभिमन स्क्रीनकडे बघतच राहिला.

"बठ्ठ्या गाड्या सात बारालेच निंघन्यात? हाई काय सातबारा काढी ठेवा का ललितनी?"

ऑफिसातली माणसं हसून लोटपोट झाली. त्यानंतर धुळ्यात कोणी टिंब दिलं की बाकीचे म्हणायचे, "निघाला सातबारा." दोन ठिपके द्यायचे, एकावर एक, एवढं अभिमनला पटलं. पण शीटवरचा त्याचा राग काही गेला नाही. माझा त्याच्यावर राग नाही. तो निदान वरच्या ओळी बघत तरी होता.

मग एका दुपारी ललितच्या आईचा फोन आला. बेबाबाई तिचं नाव. असोद्यात राहते, सून चारुलता बरोबर असते. ललित धुळ्याला आणि घरची केळीची बाग या दोघींच्या जिवावर.

फोनवर पाण्याचं रडगाणं होतं. विहीर सामाईक आहे, मोटार एकच; व्हॉल्व्ह, म्हणजे गावच्या भाषेत व्हॉल, फिरवला की पाणी एका बागेतून दुसऱ्या बागेत. ललितचे मोठे काका तोताराम आणि ललितचे वारलेले वडील, दोघा भावांची. कागदावर आठ-आठ आणे पाणी. तोतारामला गाव आबा म्हणतं. एक दिवस आबाकडे, एक दिवस बेबाबाईकडे, अशी पाळी बरीच वर्षं सुखाने चालली. यंदा ऐन उन्हाळ्यात शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी बसली, पण लाईट कधी येते कधी जाते याचा धरबंध राहिला नाही. आज तीन तास, उद्या आठ, परवा काहीच नाही. मग एक दिवसाआड पाळीला अर्थ काय? ज्याच्या दिवशी लाईट नाही, तो कोरडा.

"मोटार किती तास चालली, ते लिहा," ललित म्हणाला. "मी शीट पाठवतो. पंधरा दिवसांनी बघायचं. ज्याचे तास कमी, त्याला पुढच्या पाळ्या, बरोबरी होईस्तोवर."

चांगली गोष्ट. पण त्याने काय केलं, नवी शीट बनवायचा आळस केला. धुळ्याचीच घेतली. गाड्या पुसल्या. एकीकडे आबा लिहिलं, एकीकडे आई. मला आबांच्या रकान्याखाली बसवलं आणि सांगितलं, वरचे सगळे तास मिळव. माझ्या जोडीदाराला, त्या वजाबाकीवाल्याला, आईच्या रकान्याखाली बसवलं. काम बदललं, गाव बदललं. अंगरखा तसाच ठेवला, घड्याळाचा. आणि पाठवून दिली मोबाइलवर, आबांच्या मुलाला, नवीनला आणि चारुलतालाही.

नवीन जळगावला एका दुकानात नोकरीला. सकाळी मोटारसायकल काढायची, संध्याकाळी परत. शीट भरायचं काम त्याने अंगावर घेतलं. आबांची बाग रुपचंद नावाचा सालदार, सालाने ठेवलेला गडी, बघायचा. त्याने फोन करून सांगायचं, मोटार कधी सुरू, कधी बंद. बेबाबाईकडचं चारुलता सांगायची. नवीन ते इमानाने भरायचा. त्याला दोष देत नाही. दोन ठिपकेही बरोबर द्यायचा.

पंधरा दिवस झाले. आबांकडे सहा वेळा पाणी गेलं होतं. पहिल्या पाच वेळांचे मिळून बरोबर चोवीस तास झाले. सहाव्या वेळी लाईट टिकली, एका दमात आठ. झाले बत्तीस. मी काय केलं? धुळ्यात जे करायचो तेच. चोवीस टाकून दिले आणि आठ सांगितले.

बेबाबाईचे साडेतेवीस होते. चोवीसला अर्धा तास कमी. माझ्या जोडीदाराला टाकून द्यायला काही नव्हतं, त्याने साडेतेवीस जसेच्या तसे सांगितले.

आता तुम्हीच बघा कसं दिसतं ते. आबा आठ. बेबाबाई साडेतेवीस.

रविवारी सकाळी आबांच्या ओट्यावर बैठक बसली. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही दिवस झाले होते. काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले. पंधरा दिवस वावरात गेले नव्हते, त्यामुळे कोणाकडे किती पाणी गेलं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. बेबाबाई दाराच्या चौकटीशी, डोक्यावर पदर. आबा तिचे जेठ, थोरले दीर; त्यांना ती भाऊ म्हणते, पण सरळ बोलत नाही, तशी रीतच आहे. समोर बसलेला असला तरी मध्ये कोणीतरी लागतं. त्या दिवशी मध्ये चारुलता होती.

नवीनने मोबाइल वर धरला. "आपले आठ. काकूंचे साडेतेवीस."

आबा म्हणाले, "तिप्पट?"

"जवळजवळ तिप्पट."

बेबाबाई चारुलताकडे बघून म्हणाली, "भाऊले सांग, आमी रात्री उठून त्यायचा व्हॉल बंद कराले गेलो नाही."

"ललितच्या मायले सांग," आबा काळ्या चष्म्यातून भिंतीकडे बघत म्हणाले, "व्हॉल कोनं फिरवला ते मी इचारून नाही ऱ्हायलो. तास इचारून ऱ्हायलो."

"मंग मोबाइलमधी चुकलं असंन."

"मोबाइल काय नात्यातला हाये का कोनाच्या, बाजू घ्यायले? आन् शीट कोनं बनवली? तिच्याच लेकानं ना?"

शीट खरंच तिच्या लेकाची. आपले साडेतेवीस तिला तोंडपाठ होते, ते बरोबरच होते. आबांकडे किती गेलं हे तिने मोजलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून कोण तास मोजतं?

नवीनला खरंच वाटलं की आपल्यावर अन्याय झाला. उन्हाळ्यात आपल्या बागेला पाणी कमी पडलं असं वाटायला कोणालाच आकडा लागत नाही. त्यात आकडाही मिळाला. मग काय! पुढच्या पाळ्या आबांच्या, बरोबरी होईस्तोवर, असं ठरलं. ललितनेच घातलेला नियम.

बेबाबाईची बाग तेव्हा निसवत होती. म्हणजे केळीच्या पोटातून घड बाहेर पडायची वेळ. गरोदर बाईसारखी तिची अवस्था असते, तेव्हा पाण्याचा खाडा चालत नाही. वरून खानदेशातलं ऊन. पहिली पाळी गेली, पानांच्या कडा करपल्या. दुसरी गेली, उत्तरेच्या कोपऱ्यातली झाडं कमरेत वाकली. घड अर्धा बाहेर आणि झाड आडवं. बेबाबाईने बांबूचे टेकू लावले, पण पाण्याची तहान टेकूने भागते का? ठिबकची नळी हातात धरून ती बघायची, थेंब नाही. आणि पलीकडे आबांच्या बागेत सरीतून पाणी वाहून बांधापर्यंत आलेलं.

मला हे दिसत होतं का? नाही. मी शीटमध्ये असतो. पण चारुलताने फोन कानाला लावून ललितला हे सगळं सांगितलं तेव्हा शीट तिच्या हातातल्या त्याच फोनमध्ये होती. ऐकायला येतं तेवढं येतं.

"तुमच्या आई दोन दिवस जेवल्या नाहीत," ती म्हणाली. "झाडं पडू लागली की त्या नुसत्या बांधावर बसून राहतात. तुमची शीट तुमच्यापाशीच ठेवायची होती."

"अगं, शीट काय खोटं सांगेल का? आकडे कोणी भरले?"

"आमचे मी सांगितले. बरोबर आहेत."

"मग एकदा सगळं वरून खाली बघ ना."

फोन ठेवून तिने शीट उघडली. आधी सासूचा रकाना तपासला, एकेक ओळ. काही चूक नाही. मग आबांचा. खालून वर गेली. खाली मी, आठ. माझ्या डोक्यावरची ओळ, तीही आठ. तिथे तिचं बोट थांबलं. शेवटच्या एका पाळीचेच आठ तास आहेत. मग वरच्या पाच पाळ्या गेल्या कुठे?

एवढं साधं. कोणीही बघितलं असतं तर दिसलं असतं. बघितलं नाही.

ती तशीच चपला घालून आबांच्या ओट्यावर आली. बेबाबाई मागून. नवीन घरीच होता, जेवून हात पुसत होता.

"आबा, तुमच्या पाळ्या मी एकेक वाचते, तुम्ही मोजा," चारुलता म्हणाली.

"मले काय शाळा शिकवाले आली का?"

"मोजा तर खरं."

ती वाचत गेली, आबा बोटांच्या पेरांवर मोजत गेले. साडेतीनसारखं अर्धं काही आलं की अंगठा पेरावर तसाच दाबून धरायचे, दुसरं अर्धं येईपर्यंत. संपलं तेव्हा त्यांनी हात खाली केला.

"बत्तीस," मग म्हणाले. "नवीन, किती सांगितले व्हते तू?"

"आठ. आबा, बेरीज मी नाही केली, शीटने केली."

"तू काय केलं मंग?"

"मी खाली आला तो आकडा वाचला."

"वाचाले तर मी बी वाचलं असतं, डोये बरे असते तर!"

चारुलताने ललितला फोन लावला, आवाज मोठा करून फोन खाटेवर ठेवला. काय झालं ते सांगितलं. मग ललित हळूच म्हणाला, "अरे देवा. आबा, तो चौकोन धुळ्याचा आहे. गाड्यांचा. त्याला चोवीस झाले की टाकून द्यायला मीच सांगितलं होतं. ते काढायचं राहिलं."

"टाकून द्यायले? कुठी टाकले?" आबा ओरडले. "चोवीस तास पानी काय टाकून द्यायची चीज हाये का रे?"

"टाकले नाहीत, आबा. आतमध्ये आहेत त्याच्या. दाखवत नाही फक्त."

चारुलता म्हणाली, "म्हणजे आपण त्याला विचारलं किती तास झाले, आणि तो सांगतोय किती वाजले."

मी इतकी वर्षं मनात घोकत होतो ते हिने एका वाक्यात सांगून टाकलं. मला बोलता येत असतं तर बाईला तिथेच शाबासकी दिली असती.

"मंग त्याले सांगा ना," आबा म्हणाले, "की बाबा तू घड्याय नको होऊ म्हनून!"

ललितने फोनवर सांगितलं, चारुलताने केलं. माझ्या अंगरख्यात तासासाठी एक अक्षर असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घालायचा, बस. दोन कंस. जेवण झाल्यावर करदोटा सैल केल्यासारखं वाटलं मला. पोटातलं सगळं बाहेर आलं, बत्तीस. माझ्या पोटात ते पहिल्यापासून होतेच. मी एक मिनिटही इकडचं तिकडे केलेलं नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं शीट चुकली. मी ऐकून घेणार नाही.

नवीनचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पण आबा, आता आपल्या बागेलाही मध्येच तोडून कसं..."

"आपली बाग ढेकर देऊन ऱ्हायली. चूप बस." आबा चारुलताकडे वळले. "ललितच्या मायले सांग, आत्तापासून व्हॉल तिकळे. दोन पाळ्या गेल्या त्या, आन् आधीचं जे वर-खाली हाये ते. आन् वरून एक पाळी माह्याकळून."

बेबाबाईने पदर नीट केला. "भाऊले सांग, माह्यं हाये तेवढं द्या. वरची पाळी नको."

"काहून नको?"

"भाऊले सांग, उद्या पुन्हा कोनाच्या मोबाइलमधी ते माह्यावर चढलेलं दिसंन."

आबा हसले नाहीत. कोणीच हसलं नाही. रुपचंदला हाक मारली गेली आणि व्हॉल फिरला.

उत्तरेच्या कोपऱ्यातली झाडं मात्र उठली नाहीत. पाणी आलं तरी मोडलेलं झाड उभं राहत नाही. बेबाबाईने ती कोयत्याने तोडून बांधावर ओढून टाकली. नवीन एक दिवस दुकानात न जाता तिच्याबरोबर ओढायला आला. त्याने माफी वगैरे मागितली नाही. ती त्याला चहा पिऊन जा म्हणाली आणि तो प्यायला. बाकीची बाग वाचली, घड निसवले, पण दरवर्षीपेक्षा फण्या कमी. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते ललितला अजून सुचलेलं नाही.

मी अजून त्याच शीटमध्ये आहे, असोद्यातच. आता अंगावर कंसवाला अंगरखा. साठ सांगतो, नव्वद सांगतो, शंभराच्या पुढेही गेलोय. धुळ्याच्या ऑफिसात ललितने माझ्यासारखा दुसरा ठेवलाय, तो घड्याळवाला, आणि तिथे तोच पाहिजे. तिथे कंसवाला नेऊन बसवाल तर गाड्या पुन्हा चौतीस वाजता पोचायला लागतील. म्हणून सगळ्यांना सांगणं एवढंच आहे. मला विचारायच्या आधी ठरवा, वाजले किती ते पाहिजे की लागले किती ते. दोन्ही मला येतं. पण मी मनकवडा नाही. आणि माझा आकडा वाचून कोणाचं पाणी तोडायचं असेल तर आधी वरच्या चार ओळी वाचायला काय हात मोडतात का तुमचे?

गेल्या पंधरवड्यात मी आणि माझा जोडीदार, दोघांच्यात एकच आकडा आला. मिनिटालाही फरक नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी भांडण चाललं होतं, ते हे. मी वाट बघत होतो, रविवारी ओट्यावर कोणीतरी मोबाइल वर धरेल, मोठ्याने वाचेल. रविवार गेला, सोमवार गेला. आबांकडे केळीची गाडी भरत होती, बेबाबाईकडे केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढायचं काम चाललं होतं. बेरीज बघायला शीट कोणी उघडलीच नाही.